एका सन गिअरच्या तीन अवस्था : स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये तेल गिअर कसा बदलते

मोटारीचा गिअर आपोआप बदलतो म्हटले की आज बहुतेकांच्या मनात आधी संगणक येतो. प्रत्यक्षात जनरल मोटर्सने 1940 च्या ओल्ड्समोबिल मोटारींसाठी ‘हायड्रामॅटिक’ हा चार गिअरांचा स्वयंचलित गिअरबॉक्स ऑक्टोबर 1939 मध्ये बाजारात आणला, तेव्हा ट्रान्झिस्टरचाही शोध लागलेला नव्हता. त्यानंतरची सुमारे चार दशके अमेरिकेत कोट्यवधी मोटारी अशाच गिअरबॉक्सवर धावल्या. गिअर केव्हा बदलायचा हा निर्णय त्यांत तेलाचा दाब घेत असे आणि तो निर्णय अमलातही तेलाचा दाबच आणत असे. हे नेमके कसे घडते ते समजून घेण्यासाठी या लेखात क्रायसलर कंपनीचा ‘टॉर्कफ्लाइट’ हा गिअरबॉक्स घेतला आहे. तो 1956 मध्ये इम्पीरियल मोटारींत आला आणि 1962 पासून त्याची ॲल्युमिनियमच्या कवचाची ‘ए-727’ ही आवृत्ती रूढ झाली. पुढे जाण्याचे तीन गिअर, दोन क्लच, दोन पट्टे आणि एक एकदिशा क्लच एवढ्यावर तो चालतो. माझ्या मते तेलाने चालणाऱ्या गिअरबॉक्सचे तत्त्व इतक्या उघडपणे दाखवणारी दुसरी रचना सापडणे कठीण आहे.

एक फरक आधीच स्पष्ट केला पाहिजे. आपल्याकडे 2014 मध्ये मारुती सेलेरिओपासून लोकप्रिय झालेला एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) हा या जातीचा गिअरबॉक्स नव्हे. एएमटीमध्ये नेहमीचाच हाताने बदलायचा गिअरबॉक्स असतो. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम चालकाऐवजी यंत्रणा करते. म्हणूनच तिथे गिअर बदलताना इंजिनाची ओढ क्षणभर तुटल्याचे जाणवते. टॉर्कफ्लाइटच्या जातीच्या गिअरबॉक्समध्ये दात एकमेकांपासून कधीच सुटत नाहीत आणि ओढही तुटत नाही.

दात न सुटता गिअर बदलतो, तो ग्रहमालेसारख्या रचनेमुळे. मध्यभागी एक सन गिअर असतो. त्याच्याभोवती तीन किंवा चार प्लॅनेट गिअर एका चौकटीवर बसवलेले असतात. या चौकटीला कॅरिअर म्हणतात. सर्वांच्या बाहेरून आतल्या बाजूला दाते असलेला रिंग गिअर असतो. सन, कॅरिअर आणि रिंग या तिघांपैकी एकाला फिरवले, दुसऱ्याला जागेवर धरून ठेवले, तर तिसऱ्याकडून बदललेल्या वेगाने फिरणे मिळते. आणि कोणत्याही दोघांना एकत्र बांधले, तर सगळी माळ एखाद्या भरीव दांड्यासारखी एकाच वेगाने फिरते. म्हणजे गिअर बदलण्यासाठी दात हलवावे लागत नाहीत, कोणाला धरायचे आणि कोणाला सोडायचे एवढेच बदलावे लागते. 1908 च्या फोर्ड मॉडेल टी मोटारीतही हीच कल्पना होती, पण तिथे पट्टे आवळण्याचे काम चालकाचे पाय करत असत.

टॉर्कफ्लाइटमध्ये अशा दोन माळा एकामागे एक बसवलेल्या असून दोन्हींचा सन गिअर एकच, सामाईक आहे. हॉवर्ड सिम्पसन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ही मांडणी ओळखली जाते. पुढच्या माळेचा कॅरिअर आणि मागच्या माळेची रिंग हे दोन्ही भाग बाहेर जाणाऱ्या शाफ्टला, म्हणजे अखेर चाकांना, जोडलेले आहेत. ‘मागचा क्लच’ इंजिनाकडून आलेला जोर पुढच्या माळेच्या रिंगला देतो, तर ‘पुढचा क्लच’ तोच जोर सामाईक सन गिअरला देऊ शकतो. सन गिअरला जोडलेल्या ड्रमभोवती एक पोलादी पट्टा आहे. तो आवळला की सन गिअर थांबतो. मागच्या माळेच्या कॅरिअरसाठी दुसरा पट्टा आहे, आणि त्याच कॅरिअरवर एक एकदिशा क्लचही आहे, जो त्याला पुढच्या दिशेने मोकळे फिरू देतो पण उलटे फिरू देत नाही.

आता तिन्ही गिअर पाहू. पुढे जाताना मागचा क्लच कायम घट्ट असतो, त्यामुळे पुढच्या माळेची रिंग नेहमीच फिरवली जात असते. पहिल्या गिअरमध्ये सन गिअरला कोणीही धरलेले नसते. चाकांचा विरोध असल्यामुळे प्लॅनेट गिअर त्याला उलट्या दिशेने ढकलतात. उलटा फिरणारा सन मागच्या माळेच्या कॅरिअरलाही उलटे फिरवू पाहतो, पण एकदिशा क्लच त्याला अडवतो, आणि म्हणून मागची रिंग पुढे फिरते. दुसऱ्या गिअरमध्ये पट्टा सन गिअरला थांबवतो. तिसऱ्या गिअरमध्ये पुढचा क्लच सन गिअरलाही इंजिनाकडच्या शाफ्टशी बांधतो आणि सगळे एकत्र फिरते. या गिअरबॉक्सचे सगळे मर्म मला इथे दिसते: पहिल्यात सन उलटा फिरतो, दुसऱ्यात स्थिर असतो, तिसऱ्यात सुलटा फिरतो. तेलाने जे काही करायचे ते या एकाच सन गिअरचे करायचे असते.

आकडेही याला सुंदर दुजोरा देतात. या माळांमध्ये सन गिअरचे दात आणि रिंगचे दात यांचे प्रमाण सुमारे 5 ला 11, म्हणजे 0.45 आहे. दुसऱ्या गिअरचे प्रमाण 1 अधिक 0.45, म्हणजे 1.45 येते; पहिल्याचे 2 अधिक 0.45, म्हणजे 2.45 येते, आणि 11 भागिले 5 केले की रिव्हर्सचे 2.20 मिळते. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाकडचा शाफ्ट 2.45 फेरे घेतो तेव्हा चाकांकडे जाणारा शाफ्ट एक फेरा घेतो, आणि तेवढ्या वेळात सन गिअर उलट दिशेने 2.20 फेरे फिरलेला असतो. ही तिन्ही प्रमाणे दातांच्या एकाच गुणोत्तरातून निघतात.

धरण्याचे आणि सोडण्याचे काम तेल कसे करते? शाळेत शिकलेला पास्कलचा नियम इथे थेट कामाला येतो: बंदिस्त द्रवाला दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो आणि दाब गुणिले क्षेत्रफळ एवढे बल मिळते. क्लचमध्ये घर्षणाचे अस्तर लावलेल्या आणि साध्या पोलादी चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात आणि त्यांच्यामागे एक कड्यासारखा पिस्टन असतो. समजा, या पिस्टनचे क्षेत्रफळ 60 चौरस सेंटिमीटर आहे आणि दर चौरस सेंटिमीटरवर 6 किलोचा दाब आहे. तर चकत्यांवर 360 किलोंचा भार पडतो आणि त्या एकमेकींना घट्ट पकडतात. दाब काढून घेतला की स्प्रिंग पिस्टनला मागे ढकलते. पट्ट्याचे तसेच आहे. त्याचे एक टोक अडवलेले असते आणि दुसरे टोक सर्वो नावाचा पिस्टन तरफेतून ढकलतो.

हा दाब पुरवणारा पंप गिअरबॉक्सच्या अगदी पुढच्या टोकाला असतो आणि टॉर्क कन्व्हर्टरच्या मानेवरून इंजिनाच्याच वेगाने फिरतो. टॉर्क कन्व्हर्टर हा इंजिन आणि गिअरबॉक्स यांमधला तेलाचा दुवा होय. हर्मन फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने 1905 मध्ये जहाजांसाठी या कल्पनेचे पेटंट घेतले होते. गाडी सिग्नलला उभी असताना इंजिन बंद पडत नाही ते या दुव्यामुळे, आणि गाडी जागेवरून उचलताना इंजिनाचा जोर साधारण दुपटीपर्यंत वाढवण्याचे कामही तोच करतो. पंप मात्र इंजिन फिरत असेल तरच फिरतो. सुरुवातीच्या गिअरबॉक्समध्ये चाकांवरून फिरणारा दुसरा पंपही मागे असे. 1960 च्या दशकाच्या मध्यात क्रायसलरने तो काढून टाकला, आणि तेव्हापासून अशी गाडी धक्का मारून चालू करणे अशक्य झाले, कारण दाबच नसल्यामुळे क्लच पकडत नाही. अशी मोटार चाके जमिनीवर ठेवून लांबवर ओढत नेऊ नये असे सांगतात त्याचेही कारण हेच: फिरणाऱ्या भागांना वंगण पोहोचवणारा पंप तेव्हा थांबलेला असतो.

पंपाचा दाब इंजिनाच्या वेगाबरोबर बेसुमार वाढेल, म्हणून एक नियंत्रक झडप जादा तेल परत सोडून देते. या नियंत्रित दाबाला लाइन प्रेशर म्हणतात. पुढे जाताना तो ॲक्सिलरेटरनुसार साधारण 55 ते 95 पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 4 ते 6.5 किलो असतो. रिव्हर्समध्ये मात्र तो 200 पीएसआयच्याही वर नेला जातो, कारण तिथे पट्ट्याला मागचा कॅरिअर मोठ्या जोराविरुद्ध धरून ठेवायचा असतो.

आता निर्णयाकडे येऊ. गिअर केव्हा बदलायचा हे ठरवण्यासाठी कोणत्याही चांगल्या चालकाला दोन गोष्टी कळाव्या लागतात: गाडीचा वेग किती आहे आणि इंजिनावर भार किती आहे. टॉर्कफ्लाइट या दोन्ही गोष्टी तेलाच्या दाबात मोजतो. बाहेर जाणाऱ्या शाफ्टवर गव्हर्नर बसवलेला असतो. शाफ्ट फिरला की त्याची वजने केंद्रापासून दूर जाऊ पाहतात आणि एक लहान झडप उघडतात; वेग जितका जास्त, तितका तिच्यातून पुढे जाणारा दाब जास्त. यात एक अडचण आहे. केंद्रोत्सारी बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की बल चौपट होते. एकच वजन ठेवले असते, तर कमी वेगाला दाब जेमतेम जाणवला असता आणि जास्त वेगाला तो हाताबाहेर गेला असता. म्हणून गव्हर्नरमध्ये एक जड आणि एक हलके अशी दोन वजने स्प्रिंगने जोडलेली असतात. कमी वेगाला दोन्ही मिळून काम करतात; वेग वाढल्यावर जड वजन आपल्या मर्यादेला टेकते आणि पुढची वाढ स्प्रिंग व हलके वजन यांच्याकडून, अधिक संथपणे, होते.

भार मोजण्याचे काम थ्रॉटल व्हॉल्व्ह करतो. कार्ब्युरेटरपासून एक सळई गिअरबॉक्सपर्यंत येते. चालक ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा ती एका स्प्रिंगला आवळते आणि स्प्रिंगच्या ताणाएवढाच दाब पुढे जातो. जनरल मोटर्सच्या काही गिअरबॉक्समध्ये सळईऐवजी इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमधली, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधली, निर्वात ओढ वापरलेली असे. ती पद्धत मला अधिक नेमकी वाटते, कारण चढावर पेडल तेवढेच दाबलेले असतानाही इंजिनावरचा वाढलेला भार तिला कळतो.

हे दोन दाब समोरासमोर येतात ते शिफ्ट व्हॉल्व्हमध्ये. गिअरबॉक्सच्या तळाशी, तेलाच्या पॅनच्या आत, व्हॉल्व्ह बॉडी नावाचा धातूचा ठोकळा असतो. त्यात आडव्यातिडव्या कोरलेल्या वाटा आणि नळकांड्यासारख्या झडपा असतात. शिफ्ट व्हॉल्व्हच्या एका टोकावर गव्हर्नरचा दाब असतो, तर दुसऱ्या टोकावर थ्रॉटलचा दाब आणि एक स्प्रिंग. ही सरळ रस्सीखेच आहे. गव्हर्नरची बाजू जिंकली की झडप सरकते आणि लाइन प्रेशरला वरच्या गिअरच्या पट्ट्याकडे किंवा क्लचकडे जाण्याची वाट उघडते. म्हणूनच पाय हलका ठेवला तर पहिल्यावरून दुसरा गिअर ताशी 15 ते 20 किलोमीटरलाच पडतो, आणि पेडल पूर्ण दाबले तर तोच बदल ताशी 60 किलोमीटर ओलांडल्यावर होतो.

पण दोन्ही बाजू जवळजवळ समसमान असतील तर झडप मध्येच डळमळत राहील आणि गिअर सतत वरखाली होईल. त्यावरचा उपाय फार सुबक आहे. झडप एकदा वरच्या गिअरकडे सरकली की तिच्यावरची थ्रॉटलच्या दाबाची पकड कमी होते, कारण त्या दाबाला काम करायला उपलब्ध असलेले क्षेत्रफळ सरकण्यामुळेच घटते. हरलेल्या बाजूचे काही गडी तिथेच रस्सी सोडतात. परिणामी गिअर ज्या वेगाला वर जातो, त्यापेक्षा बऱ्याच कमी वेगाला तो खाली येतो, आणि मधल्या वेगांना गाडी ज्या गिअरमध्ये असेल त्यातच शांतपणे राहते.

निर्णय झाल्यानंतर प्रत्यक्ष बदल. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाणे तुलनेने सोपे आहे, कारण इथे फक्त एक गोष्ट आवळायची असते. पट्टा उलट्या फिरणाऱ्या ड्रमला थांबवू लागतो; सन गिअर मंदावू लागताच मागचा कॅरिअर पुढे फिरू लागतो आणि एकदिशा क्लच आपणहून सुटतो. त्याला कोणी सांगावे लागत नाही आणि त्याची वेळ कधीही चुकत नाही. काळजी एवढीच घ्यायची की पट्टा एकदम आवळला जाऊन धक्का बसू नये. त्यासाठी तेलाच्या वाटेवर ॲक्युम्युलेटर असतो: स्प्रिंगने तोललेला एक पिस्टन, जो पट्ट्याकडे जाणाऱ्या तेलाचा काही भाग स्वतःच्या पोकळीत घेतो. तो पूर्ण सरकेपर्यंत पट्ट्यावरचा दाब हळूहळू चढतो आणि त्या अल्प काळात ड्रम घसरत घसरत थांबतो. ही घसरण दोष नसून योजना आहे. तिच्याशिवाय बदल मऊ होणार नाही. ती लांबली मात्र अस्तर जळते. मऊ बदल आणि टिकाऊ अस्तर यांच्यातला हा व्यवहार गिअरबॉक्स रचणाऱ्याला प्रत्येक बदलासाठी स्वतंत्रपणे ठरवावा लागतो. पेडल जास्त दाबलेले असताना लाइन प्रेशरही वाढलेला असतो तो याचसाठी, कारण तेव्हा थांबवायचा जोर मोठा असतो.

दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाणे खरोखर अवघड आहे. इथे सन गिअरला पट्ट्याने धरून ठेवलेले असते आणि पुढच्या क्लचने त्याला इंजिनाबरोबर फिरवायचे असते. पट्टा आधी सुटला आणि क्लच अजून पकडायचा राहिला, तर सन गिअरला कोणीच धरलेले नसते. भार सुटून इंजिन घोंगावते, अस्तर घासते आणि नंतर क्लच पकडताना दणका बसतो. उलट क्लचने पकडल्यावरही पट्टा सुटला नाही, तर एकाच सन गिअरला एक जण थांबवतो आहे आणि दुसरा फिरवतो आहे अशी अवस्था येते; गाडी ब्रेक लागल्यासारखी अडखळते. दोन घटनांमधली चूक सेकंदाच्या अगदी लहान अंशाचीच परवडते, आणि वेळ मोजायला घड्याळ नाही.

क्रायसलरच्या अभियंत्यांनी हे ज्या रीतीने सोडवले, त्याचे मला आजही मनापासून कौतुक वाटते. त्यांनी दोन्ही कामे एकाच तेलाला दिली. पट्ट्याच्या सर्वो पिस्टनला दोन बाजू आहेत: एका बाजूने तेल आले की पट्टा आवळला जातो, दुसऱ्या बाजूने आले की सैल होतो. सैल करणाऱ्या बाजूला स्प्रिंगची मदत आहे आणि तिथले क्षेत्रफळही मोठे आहे, त्यामुळे आवळणाऱ्या बाजूचा दाब तसाच राहिला तरी ती बाजू जिंकते. शिफ्ट व्हॉल्व्ह पुढच्या क्लचकडे जे तेल सोडतो, तेच तेल एका फाट्याने सर्वोच्या सैल करणाऱ्या बाजूलाही जाते. क्लचमधला दाब वाढतो त्याच प्रमाणात पट्ट्याची पकड कमी होते. एक हात धरू लागतो तसा दुसरा सोडू लागतो, आणि दोघांमधला मेळ बाहेरून जुळवावा लागत नाही, कारण त्यांच्यामागचा दाब एकच आहे. गिअर खाली उतरवतानाही हीच वाट उलट चालते: क्लचमधले आणि सर्वोमधले ते तेल एकत्रच निघून जाते आणि पट्टा पुन्हा आवळला जातो. या उतरत्या बदलात पट्टा किती लवकर आवळायचा हे वेगानुसार सांभाळण्यासाठी शटल व्हॉल्व्ह म्हणून आणखी एक झडप दिलेली आहे.

पुढची गाडी ओलांडताना पेडल तळापर्यंत दाबले, तर किकडाउन झडप उघडते आणि थ्रॉटलच्या बाजूला जादा दाब मिळून गिअर एकदम खाली येतो. वेग फार जास्त असेल तर मात्र गव्हर्नरचा दाब त्यालाही पुरून उरतो, गिअर खाली येत नाही, आणि इंजिन अतिवेगाने फिरण्यापासून वाचते.

या पद्धतीची एक मर्यादाही तिच्या तत्त्वातूनच निघते, आणि घाट उतरणाऱ्या प्रत्येकाने ती जाणून घ्यावी. उतारावर चालक ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो. थ्रॉटलचा दाब पडतो. गिअरबॉक्सच्या लेखी इंजिनावर भार नाही, म्हणून तो गिअर वर चढवतो. म्हणजे इंजिनाने गाडी रोखून धरावी अशी गरज असतानाच तो नेमके उलटे करतो. शिवाय गिअरचा दांडा ‘डी’वर (ड्राइव्ह) असताना पहिला गिअर एकदिशा क्लचवर चालत असल्याने चाके इंजिनाला फिरवू लागताच तो क्लच सुटतो आणि इंजिनाचा अवरोध मुळीच मिळत नाही. म्हणूनच दांडा ‘2’ किंवा ‘1’ वर आणण्याची सोय आहे. ‘1’ वर मागच्या कॅरिअरचा पट्टाही आवळला जातो, त्यामुळे इंजिन गाडीला दोन्ही दिशांनी धरते. आणि दांडा भरवेगात ‘1’ वर आणला तरी वेग पुरेसा उतरेपर्यंत पहिला गिअर पडत नाही. उतारावरचा रस्ता पुढे कसा आहे हे दाबाला दिसत नाही, चालकाला दिसते. त्यामुळे अशा गाडीत नुसत्या ब्रेकवर घाट उतरणे मला धोक्याचे वाटते.

या तेलाविषयीही थोडे सांगायला हवे. एटीएफ म्हणून ओळखले जाणारे हे लाल तेल चार कामे एकदम करते: दाब वाहून नेते, कन्व्हर्टरमधून इंजिनाचा जोर पुढे देते, वंगण पुरवते आणि उष्णता बाहेर काढते. त्यात चकत्यांमधले घर्षणही योग्य प्रमाणात राखायचे असते, म्हणजे पकडताना कचका बसू नये आणि पकडल्यावर घसरू नये. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या गुणासाठी त्यात स्पर्म व्हेलचे तेल मिसळत असत; अमेरिकेत त्यावर बंदी आल्यावर रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले. तेलाची पातळी कमी झाली तर पंप हवा ओढतो, आणि हवा दाबली जाते, त्यामुळे दाब चढायला उशीर होऊन क्लच घसरतात. तेल काळपट झाले असेल आणि त्याला करपल्याचा वास येत असेल, तर चकत्यांचे किंवा पट्ट्याचे अस्तर जळते आहे असे समजावे.

पुढे निर्णयाचे काम संगणकाकडे गेले. क्रायसलरच्याच 1989 च्या ‘ए-604’ या चार गिअरांच्या गिअरबॉक्समध्ये पट्टे नाहीत आणि गव्हर्नरही नाही. वेग आणि भार विजेच्या संवेदकांवरून कळतात आणि विजेवर चालणाऱ्या सोलेनॉइड झडपा तेलाच्या वाटा उघडतात. पण चकत्यांना दाबणारे बल आजही तेलाचेच आहे, आणि पिस्टनमागची पोकळी भरेपर्यंत लागणारा वेळ संगणकालाही टाळता येत नाही. म्हणून तो शाफ्टांच्या वेगांवरून प्रत्येक क्लच भरायला किती तेल लागते याचा अंदाज घेत राहतो, आणि अस्तर झिजून पिस्टनला जास्त अंतर जावे लागू लागले की तेल त्या मानाने अधिक काळ सोडतो.